जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करताना आवाज बिघडतो तेव्हा

चित्र थोडं धूसर असलं तरी जुनी कॅसेट बघवते. आवाज बिघडलेला असेल तर पाच मिनिटांत बंद करावीशी वाटते. तरी कॅप्चर करताना, म्हणजे कॅसेट वाजवून संगणकात उतरवताना, सगळं लक्ष चित्राकडे जातं आणि आवाजाचं ‘नंतर सॉफ्टवेअरमध्ये बघू’ असं म्हणून सोडून दिलं जातं. घोळ तिथेच होतो. गुणगुण, बसका आवाज, फाटलेला आवाज, ओठांच्या पुढेमागे पळणारा आवाज या बहुतेक तक्रारींचं मूळ व्हीसीआरमध्ये, वायरीत किंवा कॅप्चरच्या सेटिंगमध्ये असतं. तिथे त्या बऱ्याच कमी कष्टात सुटतात. टेपवरून जे नीट उचललंच नाही, ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देत नाही.

टेपवर आवाज कुठे असतो

व्हीएचएस टेपवर आवाज दोन प्रकारे नोंदलेला असू शकतो आणि दोन्हींची दुखणी वेगळी आहेत.

पहिला लिनियर ट्रॅक. टेपच्या वरच्या कडेला सुमारे १ मिलिमीटर रुंदीची पट्टी असते, ती एक स्थिर हेड वाचतं. हा आवाज बहुधा मोनो असतो. पाल या भारतातल्या टीव्ही पद्धतीत एसपी, म्हणजे नेहमीच्या, वेगाने टेप सेकंदाला फक्त २.३४ सेंटिमीटर सरकते. साधी ऑडिओ कॅसेट ४.७६ सेंटिमीटरने चालते, म्हणजे व्हीएचएसचा हा ट्रॅक तिच्या निम्म्या वेगाचा. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या टेपवरही १० किलोहर्ट्झच्या वर फारसं काही मिळत नाही, आणि एलपी, म्हणजे निम्म्या, वेगावर नोंदलेलं असेल तर त्याहून कमी.

दुसरा हाय-फाय आवाज. हा फिरत्या ड्रमवरच्या वेगळ्या हेडांनी चित्राच्याच जागेवर, पण टेपच्या थरात चित्रापेक्षा खोल नोंदलेला असतो. तो स्टीरिओ असतो, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि त्यात फसफस जवळजवळ नसते. पण ट्रॅकिंग, म्हणजे हेडांचं टेपवरच्या रेघांवर नेमकं बसणं, जरा हललं की तो लगेच घरघरू लागतो.

हाय-फाय टेपवर लिनियर ट्रॅकही असतोच. शिवाय हाय-फाय आवाज चित्रात मिसळलेला असल्याने चित्र न पुसता तो बदलता येत नाही. म्हणून नंतर चढवलेलं निवेदन किंवा संगीत नेहमी लिनियर ट्रॅकवर जातं. एखाद्या कॅसेटवर मूळ आवाज हाय-फायवर आणि नंतरचं निवेदन लिनियरवर असं सापडलं तर चक्रावू नका. दोन्ही वेगवेगळे कॅप्चर करून ठेवा.

तुमचा व्हीसीआर हाय-फाय असेल तर रिमोटवर ‘ऑडिओ सिलेक्ट’ किंवा ‘ऑडिओ मॉनिटर’ असं बटण असतं: हाय-फाय, नॉर्मल आणि मिक्स. मिक्सवर कधीही ठेवू नका. दोन्ही ट्रॅकवर तोच आवाज असेल तर त्यांच्यातल्या सूक्ष्म अंतरामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. ऑटोवरही विसंबू नका. हाय-फाय सिग्नल क्षणभर कमजोर झाला की यंत्र आपोआप लिनियरवर उडी मारतं आणि मध्येच खणखणीत, मध्येच बसका असा आवाज फाइलमध्ये कायमचा बसतो.

कॅसेट घालण्याआधी

झाकण उचलून टेपच्या गुंडाळ्याकडे उजेडात बघा. पांढुरकी भुकटी किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट यंत्रात घालू नका, कारण यंत्राची हेडं खराब होतील आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती बुरशी लागेल. टेपची वरची कड चुरगळलेली असेल तर लिनियर आवाज तिथे तुटणार. खालची कड चुरगळली असेल तर तिथला कंट्रोल ट्रॅक (टेप आणि हेडांची जुळणी राखणाऱ्या खुणा) जातो आणि चित्र व हाय-फाय दोन्ही डगमगतात.

वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. आतले वेढे कुठे घट्ट, कुठे सैल झालेले असतात, ते सारखे होतात. हे न करता सुरू केलं तर सुरुवातीची काही मिनिटं स्वर हेलकावे खात राहतो. गुंडाळताना यंत्रातून चिरका आवाज येऊ लागला, किंवा टेप अडखळत असेल, तर ताबडतोब थांबा. टेपचा थर चिकट झालेला असू शकतो आणि जबरदस्तीने तो खरवडून निघतो. अशी टेप घरी गरम करून बघण्याचा प्रयोग करू नका, ती जाणकाराकडे सोपवा.

आवाज येतच नाही, किंवा एकाच बाजूने येतो

आधी व्हीसीआर थेट टीव्हीला किंवा ॲम्प्लिफायरला जोडून ऐका. तिथे आवाज असेल तर टेप आणि यंत्र निर्दोष, दोष संगणकाकडे. ही एक तपासणी केली की निम्मी शोधाशोध संपते.

जोडणी साधी आहे. पिवळा प्लग चित्राचा, पांढरा डाव्या आवाजाचा, लाल उजव्या. मोनो यंत्राला लाल सॉकेट नसतोच. तेव्हा पांढऱ्यातूनच आवाज घ्यायचा, उजवी बाजू रिकामी आली तरी चालते. एस-व्हिडिओच्या केबलमधून आवाज जात नाही, तो वेगळा जोडावाच लागतो. अँटेनाच्या सॉकेटमधून कॅप्चर करणं टाळा. तो आवाज मोनो तर होतोच, वर जास्तीची गुणगुणही येते.

कॅमकॉर्डरच्या ३.५ मिलिमीटर जॅकला चार संपर्कांची केबल लागते, आणि त्या संपर्कांचा क्रम सगळ्या कॅमेऱ्यांत सारखा नसतो. चुकीची केबल लावली तर पडदा काळा राहतो आणि एका कानात कर्कश घरघर ऐकू येते. ती घरघर म्हणजे आवाजाच्या वाटेने आलेलं चित्र. अशा वेळी कॅमेरा बिघडला असं समजू नका. तिन्ही प्लग आळीपाळीने बदलून बघा, बऱ्याचदा पिवळ्या सॉकेटला लाल प्लग लावल्यावर गाडी रुळावर येते.

संगणकावर यूएसबी कॅप्चर डोंगल (व्हीसीआरचा सिग्नल संगणकात घेणारं छोटं उपकरण) चित्रासाठी एक आणि आवाजासाठी दुसरं अशी दोन उपकरणं म्हणून दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये चित्राचं उपकरण निवडलं म्हणजे आवाजाचं आपोआप निवडलं जातं असं नाही. विंडोजमध्ये आवाजाचं हे उपकरण मायक्रोफोन म्हणून गणलं जातं. म्हणून गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲपना मायक्रोफोन वापरायची परवानगी नसेल तर चित्र उत्तम आणि आवाज शून्य अशी अवस्था होते. मॅकवरही ही परवानगी द्यावी लागते. परवानगी दिल्यावर त्याच उपकरणाच्या गुणधर्मांत जाऊन ‘ऑडिओ एनहान्समेंट’ बंद करा. नाहीतर यंत्रणा टेपवरच्या संगीताला खोलीतला गोंगाट समजून दाबत राहते.

लॅपटॉपच्या मायक्रोफोन जॅकमध्ये व्हीसीआरचा आवाज थेट घालू नका. तो जॅक काही मिलिव्होल्टसाठी बनवलेला असतो. व्हीसीआरच्या लाइन आउटमधून सर्वसाधारणपणे ०.३ व्होल्टच्या आसपास सिग्नल येतो. आवाज फाटतो, आणि बऱ्याच लॅपटॉपवर तो जॅक मोनोच असतो.

स्वस्त डोंगलची आणखी एक खोड आहे. त्यांतले काही संगणकाला ‘मी ९६ किलोहर्ट्झ मोनो’ असं सांगतात, प्रत्यक्षात मात्र ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ पाठवतात. डाव्या-उजव्या बाजूचे नमुने एकाआड एक गुंफलेले असतात. मोनो टेपवर हे लक्षातही येत नाही; स्टीरिओ टेपवर आवाज धातूसारखा, खरखरीत येतो. फाइल अशी झाली असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रॉ डेटा’ म्हणून उघडा आणि १६ बिट, २ चॅनल, ४८००० हर्ट्झ असं सांगा. दोन्ही बाजू सुट्या होतात. डावी-उजवी उलटी आली तर सुरुवातीचे २ बाइट सोडून पुन्हा उघडायचं.

गुणगुण की घरघर?

सतत येणाऱ्या ‘हूंऽऽ’ आवाजाची दोन अगदी वेगळी कारणं आहेत आणि उपायही वेगळे. ओळखण्याची खूण एकच: कॅसेट थांबवा.

टेप थांबल्यावरही गुणगुण चालू राहिली तर ती टेपवर नाही. ती विजेच्या जोडणीतून येते. व्हीसीआर, संगणक आणि टीव्ही वेगवेगळ्या ठिकाणी अर्थला जोडलेले असतात, त्यांच्यात थोडा प्रवाह वाहतो आणि तो आवाजाच्या वायरीच्या आवरणातून जातो. मेनच्या वारंवारितेवर, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झवर, आणि तिच्या पटींवर हा आवाज बसलेला असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर कारण सापडलं. मग टीव्हीची, अँटेनाची, केबलची वायर व्हीसीआरमधून काढून बघा. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. एवढं करूनही राहिली तर आवाजाच्या दोन्ही वायरींच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. ही छोटी डबी असते, तिला वीज लागत नाही. प्लगची अर्थची पिन मोडून किंवा झाकून गुणगुण घालवायचा सल्ला मिळाला तर तो ऐकू नका. त्या पिनेवर जिवाची सुरक्षितता असते.

टेप थांबवल्यावर घरघर गायब झाली तर हाय-फायकडे संशय घ्या. पाल पद्धतीत ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्यावरची दोन हेडं आळीपाळीने वाचतात, म्हणजे सेकंदाला ५० वेळा एका हेडावरून दुसऱ्यावर अदलाबदल होते. एनटीएससी या अमेरिका-जपानकडच्या पद्धतीत हीच अदलाबदल सेकंदाला ६० वेळा. हेडाने टेपवरची रेघ नीट पकडली नाही तर प्रत्येक अदलाबदलीला एक खटका उमटतो आणि त्या खटक्यांची माळ मेनच्या गुणगुणीसारखीच ऐकू येते. फरक असा की ही जास्त टोकदार, माशीच्या भुणभुणीसारखी असते आणि मोठ्या आवाजाबरोबर वरखाली होते. व्हीसीआर नॉर्मल ट्रॅकवर नेऊन बघा. भुणभुण थांबली तर निदान पक्कं.

उपाय ट्रॅकिंगचा. ऑटो ट्रॅकिंग बंद करा, हेडफोन लावा आणि डोळे मिटून ट्रॅकिंग एकेक पायरी सरकवा. डोळे मिटण्याचं कारण आहे: चित्र सर्वांत स्वच्छ असतं ती जागा आणि हाय-फाय सर्वांत शांत असतो ती जागा बऱ्याचदा एक नसते. दोन्हींत फार फरक पडत असेल तर टेप दोनदा चालवा, एकदा चित्रासाठी आणि एकदा आवाजासाठी. जास्तीचा एक फेरा म्हणजे टेपच्या लांबीइतका वेळ, पण लग्नाच्या किंवा भाषणाच्या एकमेव प्रतीसाठी तो खर्च करावाच. ट्रॅकिंग कितीही फिरवलं तरी भुणभुण कमी होत नसेल तर दुसऱ्या यंत्रावर चालवून बघा. ज्या यंत्रावर नोंद झाली ते अजून घरात असेल तर पहिला मान त्याचा.

कशानेच जमलं नाही तर लिनियर ट्रॅक घ्या. बसका पण अखंड आवाज खरखरणाऱ्या स्टीरिओपेक्षा नेहमीच बरा.

आवाज बसका, गोधडीआडून आल्यासारखा

लिनियर ट्रॅकवर ‘स’ आणि ‘श’ ऐकूच येत नसतील तर आधी सफाई, मग कोन.

सफाईला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा बोळा लागतो. व्हीसीआरचा प्लग काढा, झाकण उघडा. टेपच्या वाटेवर, ड्रमच्या पुढे, टेप ओढणाऱ्या कॅपस्टनच्या लोखंडी दांड्याजवळ जे स्थिर हेड दिसतं ते आवाजाचं आणि कंट्रोल ट्रॅकचं एकत्र हेड. त्यावर तपकिरी थर असतो. बोळा आडवा फिरवून तो निघेपर्यंत पुसा. कॅपस्टनही पुसा. टेप कॅपस्टनवर दाबून धरणारा रबरी पिंच रोलर स्वच्छ, किंचित ओल्या कापडाने पुसा. तो चकचकीत आणि कडक झाला असेल तर स्वर थरथरण्याचं कारण तोच आहे आणि तो बदलावाच लागतो.

ड्रमवरच्या हेडांना कापसाचा बोळा लावायचा नाही. तिथे शॅमॉय चामड्याची काडी अल्कोहोलने भिजवून ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरतात आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून सावकाश फिरवतात. काडी वरखाली हलवली की हेडाचा फेराइटचा नाजूक तुकडा मोडलाच म्हणून समजा. सगळं वाळायला १५ मिनिटं द्या आणि पहिली चाचणी किरकोळ कॅसेटवर घ्या.

सफाईनंतरही आवाज बसकाच असेल तर कोनाचा प्रश्न आहे. हेडातली बारीक फट टेपच्या दिशेला अचूक काटकोनात हवी. नोंद करणाऱ्या यंत्राचं हेड तिरपं असेल तर वाचणारंही तेवढंच तिरपं असावं लागतं. किती अचूक? एसपी वेगाने १० किलोहर्ट्झच्या एका लहरीची टेपवरची लांबी २.३४ मायक्रोमीटर असते. १ मिलिमीटर रुंदीच्या ट्रॅकवर हेड अवघं ०.१३ अंश तिरकं असलं की वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एका अख्ख्या लहरीचा फरक पडतो आणि १० किलोहर्ट्झ पूर्ण पुसला जातो. एलपीवर तेवढ्याच तिरकेपणात ५ किलोहर्ट्झ जातो. म्हणूनच एका यंत्रावर खणखणीत वाजणारी कॅसेट दुसऱ्यावर गोधडीत शिरते.

कोन लावायचा असेल तर आवाजाच्या हेडाच्या पाटीवर साधारण तीन स्क्रू दिसतील. त्यांतला एकच कोनाचा असतो. बाकीचे उंची आणि कल ठरवतात, आणि ते हलवले तर ट्रॅकिंगही बिघडतं. सर्व्हिस मॅन्युअलमधून तो नेमका कोणता हे बघून घ्या. स्क्रूच्या डोक्यावर आणि पाटीवर मिळून एक बारीक रेघ मार्करने ओढा, म्हणजे मूळ जागी परत येता येईल. मग कॅसेट चालू ठेवून, हेडफोन लावून, इन्सुलेटेड पेचकसाने स्क्रू एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग फिरवा आणि ‘स’ सर्वांत स्पष्ट ऐकू येईल तिथे थांबा. साधारण अर्ध्या फेऱ्याच्या आतच ती जागा सापडते. यंत्र उघडं आणि चालू असताना पॉवर सप्लायच्या बाजूला मेनचा व्होल्टेज असतो. हात फक्त स्क्रूपाशी, दुसरा हात खिशात. ती कॅसेट संपली की स्क्रू रेघेवर परत आणा, नाहीतर पुढच्या सगळ्या कॅसेट बसक्या होतील. हे सगळं भीतीदायक वाटत असेल तर दुसरा व्हीसीआर लावून बघणं हा जास्त शहाणपणाचा मार्ग.

पातळी

टेपचा सर्वांत गोंगाटाचा भाग शोधा: बँड, टाळ्या, कॅमेऱ्याजवळचं हसणं. तो वाजवून पातळी अशी लावा की शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील. कमी पातळी नंतर वाढवता येते. शून्याला आपटून कापलेली लहर परत जोडता येत नाही.

आवाज फाटतो आहे, पण मीटर शून्याच्या खूप खाली दिसतंय? मग लहर मोठी करून बघा. तिचा माथा उणे ८ डेसिबललाच सपाट कापलेला दिसला तर कापाकापी डोंगलच्या आत, आकड्यांत रूपांतर होण्याआधी झाली आहे. सॉफ्टवेअरमधला स्लायडर खाली ओढून काही होणार नाही. व्हीसीआर आणि डोंगलच्या मध्ये छोटा मिक्सर किंवा पातळी कमी करणारी केबल घालावी लागते. आणि माथे गोल असूनही आवाज फाटकाच असेल तर तो चित्रीकरणाच्या वेळीच कॅमेऱ्यात फाटला असण्याची शक्यता जास्त.

नोंद ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, न दाबलेल्या पीसीएममध्ये करा. ती तासाला सुमारे ६९० मेगाबाइट घेते. चित्राच्या फाइलपुढे हा आकडा किरकोळ आहे, त्यामुळे इथे एमपी३ किंवा एएसी वापरून जागा वाचवायला जाऊ नका. त्यांचं काम शेवटच्या प्रतीत.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत

सर्वांत जास्त छळणारी तक्रार हीच. माणसाचं कान आणि डोळ्यांचं गणित सारखं नसतं: आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की जाणवतो, मागे राहिला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. दुरून येणारा आवाज नेहमी उशिराच येतो, त्याची आपल्याला सवय असते.

दुरुस्तीआधी मोजमाप. टाळी, दार आपटणं, किंवा ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना मिटणारे ओठ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी शोधा आणि प्रत्येक ठिकाणी फरक किती ते लिहून ठेवा. तीन आकडे समोर आले की रोग ओळखता येतो.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर आवाजाचा ट्रॅक तेवढा सरकवला की काम झालं. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या प्रगत गुणधर्मांत ‘सिंक ऑफसेट’ मिलिसेकंदांत देता येतो, म्हणजे पुढच्या कॅसेटना हा त्रास होत नाही. चित्र स्थिर करणारं बाहेरचं यंत्र वाटेत असेल तर ते चित्राला साधारण एक फ्रेम उशीर करतं, हा फरक त्यातूनही येतो.

फरक सरळ रेषेत वाढत गेला तर घड्याळांचा प्रश्न. चित्राचं आणि आवाजाचं उपकरण आपापल्या घड्याळावर चालतं. दोघांत दहा हजारात एक एवढा फरक असला तरी तासाला ०.३६ सेकंद होतात. समजा सुरुवातीला ०.०८ सेकंद आणि तासाभराने ०.६२ सेकंद आवाज मागे आहे. म्हणजे ३६०० सेकंदांत ०.५४ सेकंद जास्त. ऑडॅसिटीत गती बदलण्याच्या इफेक्टमध्ये ०.०१५ टक्के वेग वाढवा, किंवा नवी लांबी थेट लिहा, आणि मग उरलेले ०.०८ सेकंद सरकवा. एवढ्याशा बदलाने सूर हलत नाही. तासाला नेमके ३.६ सेकंद असा फरक आला तर कुठेतरी २९.९७ फ्रेमची एनटीएससी फाइल ३० म्हणून वाचली जाते आहे. आणि आवाज जाड, संथ येऊन एक तासाचा ऐवज ६५ मिनिटं १८ सेकंदांचा झाला असेल तर ४८ किलोहर्ट्झची नोंद ४४.१ म्हणून वाजते आहे. तिथे काहीही ताणू नका, फाइलचा दर बरोबर सांगा. विंडोज, कॅप्चर सॉफ्टवेअर आणि संपादनाचा प्रकल्प तिन्हीकडे ४८००० असलं की हा प्रकार होत नाही.

फरक पायऱ्या-पायऱ्यांनी वाढला, म्हणजे दहा मिनिटं ठीक आणि अचानक आवाज मागे, तर फ्रेम गळल्या आहेत. डगमगत्या टेपचा सिग्नल कॅप्चर कार्डाला पचत नाही. ते फ्रेम टाकून देतं, पण आवाज वाहतच राहतो. पालमध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तेव्हा तीन-चार गळल्या तरी ओठ सुटले. हे ताणून बरं होत नाही. प्रत्येक पायरीशी शांत जागा शोधून आवाज कापायचा आणि तेवढा पुढे ओढायचा, हे किचकट काम आहे. त्यापेक्षा पुन्हा कॅप्चर करा आणि मुळावर घाव घाला: व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे डगमगता सिग्नल स्थिर करणारं यंत्र, घाला. तो नसेल तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर फक्त ‘मधला दुवा’ म्हणून वापरूनही बऱ्याच टेपा ताळ्यावर येतात. डोंगल यूएसबी हबवर न लावता थेट पोर्टवर लावा, नोंद एसएसडीवर करा, बाकी सगळं बंद ठेवा. गळलेल्या फ्रेमचा आकडा दाखवणारं सॉफ्टवेअर वापरा आणि तो आकडा शून्याच्या वर गेला की टेपची वेळ लिहून ठेवा.

मूळ फाइल प्लेअरमध्ये जुळते, पण संपादनात घेतली की सुटते? मग फ्रेमचा दर बदलता आहे. हँडब्रेकसारख्या साधनाने आधी तो स्थिर करून घ्या आणि मगच टाइमलाइनवर ठेवा.

शेवटची साफसफाई

मूळ नोंदीची प्रत बाजूला ठेवून हे करा, आणि याच क्रमाने.

एकाच बाजूने आवाज असेल तर स्टीरिओ ट्रॅक दोन मोनोंत फोडा, मेलेला काढून टाका. दोन्ही बाजूंना तोच आवाज असून मोनो केल्यावर तो नाहीसा होत असेल तर एक बाजू उलटी आहे. तिच्यावर ‘इन्व्हर्ट’ चालवा.

मग गुणगुण. स्पेक्ट्रम काढून शिखर नेमकं कुठे आहे ते बघा, ५० की ६०, आणि त्यावर व त्याच्या पहिल्या तीन-चार पटींवर अरुंद नॉच फिल्टर (फक्त तेवढीच वारंवारिता कापणारा) लावा, त्याचा अरुंदपणा ठरवणारा ‘क्यू’ ३०च्या आसपास. पालच्या टेपांवर १५,६२५ हर्ट्झला आणि एनटीएससीच्या टेपांवर १५,७३४ हर्ट्झला टीव्हीच्या रेषांची शिट्टी असते. बऱ्याच मोठ्यांना ती ऐकू येत नाही, लहान मुलं कान झाकतात. तिलाही नॉच. आवाज लिनियर ट्रॅकचा असेल तर १० किलोहर्ट्झच्या वरचं सगळंच कापा, तिथे फसफस सोडून काही नसतं. खाली ८० हर्ट्झच्या आतलंही.

त्यानंतर फसफस. नमुना टेप चालू असताना कुणी बोलत नाही अशा एखाद्या सेकंदाचा घ्या. थांबलेल्या यंत्राच्या शांततेचा घेतला तर तो टेपची फसफस ओळखतच नाही. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनमध्ये ६ ते ९ डेसिबल पुरे. एकदम २० डेसिबल ओढले तर माणसं पाण्याखालून बोलू लागतात, आणि तो किणकिणाट फसफशीपेक्षा जास्त खटकतो. थोडी फसफस राहू द्या. जुन्या टेपवर कान तिला दोन मिनिटांत विसरतात.

हाय-फायमध्ये कुठे एक-दोन सेकंदांची खरखर उरली असेल तर तेवढाच तुकडा लिनियर नोंदीतून उचलून बसवा, दोन्ही टोकांना ३० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड देऊन. अख्खा ट्रॅक असा समांतर ठेवायला जाऊ नका. दोन फेऱ्यांत टेपचा वेग अगदी सारखा राहत नाही आणि काही मिनिटांतच दोन्ही नोंदी एकमेकींपासून सुटतात.

सर्वांत शेवटी पातळी. शिखर उणे १ डेसिबलला आणा. एका कॅसेटवरून दुसरीवर जाताना आवाज दचकवू नये असं वाटत असेल तर सगळ्या फाइली लाउडनेसनुसार समान करा. घरी बघण्यासाठी उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) हा आकडा सोयीचा.

आठ मिलिमीटर आणि मिनीडीव्ही

व्हिडिओ-८ आणि हाय-८ कॅसेटवर आवाज चित्राबरोबर फिरत्या हेडांनीच नोंदलेला असतो, त्यामुळे हाय-फायची भुणभुण आणि तिचा उपाय इथेही तसाच लागू. शक्यतो मूळ कॅमेऱ्यातच चालवा. काही टेपांवर याशिवाय पीसीएमचा वेगळा आवाजही असतो. कॅमेऱ्याच्या मेनूत तो निवडता येत असेल तर दोन्ही ऐकून बघा.

मिनीडीव्ही आणि डिजिटल-८ मध्ये आवाज आधीच आकड्यांत आहे, तेव्हा लाल-पांढऱ्या वायरींनी तो काढण्यात अर्थ नाही. फायरवायरने (कॅमेऱ्याच्या डिजिटल केबलने) जसाच्या तसा उतरवा. तिथे नडतो तो १२ बिटचा मोड. त्यात ३२ किलोहर्ट्झचे चार ट्रॅक असतात: मूळ आवाज ‘स्टीरिओ १’ वर आणि नंतर चढवलेला ‘स्टीरिओ २’ वर. उतरवणारं सॉफ्टवेअर पहिलाच जोड वाचत असेल तर निवेदन हरवल्यासारखं वाटतं. कॅमेऱ्याच्या मेनूत ऑडिओ मिक्स दुसऱ्या जोडाकडे वळवून ऐका. तिथे आवाज असेल तर उतरवलेल्या मूळ डीव्ही फाइलमध्येही तो आहे, फक्त चारही ट्रॅक वाचणाऱ्या साधनाने तो बाहेर काढायचा आहे. आणि आवाज मध्येच चौकोनी तुकड्यांसह टक-टक तुटत असेल तर ड्रमची हेडं पुसून तेवढाच भाग पुन्हा उतरवा.